बहिरी फळी

आमच्या दाजींनी सव्वीस वर्षं बास्केटबॉलचं मैदान अंथरलं आणि त्यावरचा एकही सामना धड पाहिला नाही. हे कुणाला सांगितलं की त्याला वाटतं मी फिरकी घेतोय. मैदान कुठे अंथरतात का? तर हो, अंथरतात. आमच्या क्रीडागृहात एका आठवड्यात बर्फावरचा नाच असतो, दुसऱ्या आठवड्यात फर्निचरचं प्रदर्शन, मधेच कधीतरी हजारभर मुलं ओळीनं बसून परीक्षा देतात. बास्केटबॉलचा सामना आला की गोदामातून लाकडाच्या सव्वादोनशे फळ्या बाहेर निघतात. एकेक फळी चार फूट बाय आठ फूट, दोघांनी मिळून उचलायची. चार-पाच तासांत त्या एकमेकींत अडकवून, बोल्ट आवळून त्यांचं एकसंध मैदान होतं. सामना संपला की पुन्हा फळ्या, पुन्हा गोदाम. कागदोपत्री त्यांना पॅनल म्हणतात. दाजी फळी म्हणतात, म्हणून आम्ही सगळेच फळी म्हणतो.

सामना सुरू असताना दाजी आणि त्यांची टोळी गोदामात डबे खाऊन आडवी होत असे. आपण वाढून झालं, आता लोक कसे जेवतात ते बघत उभं राहू नये, असं दाजींचं मत. त्यामुळे आमच्या घरात एक उलटाच प्रकार चालायचा. दाजी क्रीडागृहातून घरी येत आणि चपला काढता काढता ताईला विचारत, "जिंकलो का?" ताई घरी बसून त्यांना गुण सांगे, कोण खेळला आणि कोण नुसताच पळला ते सांगे. दाजी ऐकल्यासारखं करून हात धुवायला जात.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसते. भल्याभल्यांना रांगेत परत पाठवणारी बाई, पण निळ्या संघाचा सामना लागला की तिचं काही खरं नसतं. आधी रेडिओवर, मग टीव्हीवर, तिने एकही सामना चुकवलेला नाही. हातात विणकाम असतं. आपण हरायला लागलो की टाके घट्ट पडतात आणि माझ्या वाट्याला आलेले स्वेटर बहुतेक हरलेल्या सामन्यांचे आहेत. मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो, चष्म्याचं दुकान चालवतो आणि सामन्याच्या दिवशी वर जाऊन अक्कल पाजळतो.

या मोसमाच्या मध्यावर दाजींचा उजवा गुडघा संपावर गेला. डॉक्टरांनी तो बदलला आणि दीड महिना घरी बसा म्हणून सांगितलं. ज्या माणसाने सव्वीस वर्षांत सर्दीसाठीही रजा घेतली नव्हती, तो पलंगावर पाय लांब करून छताकडे बघत बसला. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस त्यांनी हाताखालच्या बाईंना सगळा कारभार नीट समजावून दिला होता. ही बाई याच मोसमात एका नाट्यगृहातून आली होती, पस्तिशीची, बोलायला कमी आणि कामाला वाघ. फळीच्या पाठीवर रंगवलेला नंबर आणि भिंतीवरचा नकाशा, या दोन गोष्टींवर तिचा पूर्ण विश्वास. टोळीने तिचं नाव नंबरवाली ठेवलं होतं. कुठला बोल्ट निसटतो, कुठली ढकलगाडी डावीकडे ओढते, कुणाची कंबर दुखते पण तो सांगत नाही, हे सगळं दाजींनी तिला सांगितलं. निदान आपण सगळं सांगितलं अशी त्यांची समजूत होती.

घरी बसल्यावर दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा सामना पाहिला. आता यात गंमत अशी की त्यांना खेळाडू दिसतच नव्हते. निळ्यांच्या उंच्यापुऱ्या कप्तानाने हवेत झेप घेऊन चेंडू बास्केटमध्ये कोंबला, ताई जागेवरून उठली, मी चहा सांडला, आणि दाजी म्हणाले, "मधला जोड छान बसलाय." पुढच्या सामन्यात त्यांनी थोडी नजर वर केली. ताई त्यांना शिकवायला लागली. चोवीस सेकंदांत चेंडू टाकायचा, टप्पा न देता पळायचं नाही, धक्का मारला की शिट्टी. नियम कळल्यावर दाजींना मतं फुटली. बाकावर एवढी धडधाकट माणसं नुसती का बसवून ठेवली आहेत, हा त्यांचा कायमचा प्रश्न होता. तीन आठवड्यांत आमच्याकडे आणखी एक अक्कल पाजळणारा तयार झाला.

ताईचा लाडका खेळाडू होता टाचणी. हे नाव वर्तमानपत्रांनी ठेवलेलं. सगळे साडेसहा फुटांचे आणि हा जेमतेम पाच फूट आठ इंच. चेंडू पुढे आणायचं काम त्याचं. दोन टोलेजंग माणसांच्या मधून तो चेंडू असा जमिनीलगत नाचवत न्यायचा की ते दोघं एकमेकांवर आपटायचे. फुगलेल्या संघांना टोचतो, म्हणून टाचणी. ताईचं प्रेम नुसतं खेळामुळे नव्हतं. मागच्या वर्षी तो आजारी लेकीला कडेवर घेऊन ताईच्या खिडकीसमोर रांगेत पाऊण तास उभा होता. पुढची माणसं तुम्ही आधी जा म्हणत होती, तरी गेला नाही. वर डॉक्टरांकडे जाताना तिला म्हणाला, "ताई, तुम्हाला बसायला खुर्ची फार बुटकी दिलीय." त्या दिवसापासून तो आमच्या घरचाच झाला.

आणि नेमका याच टाचणीला काहीतरी झालं होतं.

बाहेरगावी तो पूर्वीसारखाच खेळत होता. घरच्या मैदानावर आला की त्याचं बिनसायचं. पहिल्या अर्ध्यात ठीक. दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या की डावीकडून चेंडू घेऊन मध्यरेषा ओलांडायचा, आपली ती प्रसिद्ध हुलकावणी द्यायचा, चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकायचा आणि हात रिकामाच मिटायचा. चेंडू घोट्याजवळ घुटमळत असायचा आणि समोरचा तो उचलून पसार. पहिल्या सामन्यात दोनदा झालं, दुसऱ्यात तीनदा. घरचे दोन्ही सामने आपण हरलो. तज्ज्ञांचं पेव फुटलं. टीव्हीवरचा निवेदक म्हणाला, घरच्या प्रेक्षकांचं दडपण येतं. वर्तमानपत्राने एका मानसोपचारतज्ज्ञाला विचारलं, त्यांनी बालपणापर्यंत मजल मारली. माझा स्वतःचा सिद्धान्त असा होता की त्याला चष्मा लागला आहे, आणि तो मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होतो. पहिल्या अर्ध्यात पाहुण्या संघाचे खेळाडूही तिथेच एक-दोनदा चेंडू घालवून बसले होते, पण तेव्हा आम्ही आपल्या बचावाच्या नावाने टाळ्या पिटत होतो.

मग बातमी आली. क्लबने बाहेरून सहा फूट चार इंचांचा एक नवा गडी बोलावला होता, तो पुढच्या सोमवारी येणार. त्याआधीचे मंगळवारचा आणि शनिवारचा असे घरचे दोन सामने बघून टाचणीचं काय करायचं ते ठरणार. ताईने ती बातमी दोनदा वाचली, वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं आणि दवाखान्यात जाऊन त्या दिवशी तिने म्हणे सहा जणांना उगाच परत पाठवलं.

मंगळवारच्या सामन्यात दुसरा अर्धा सुरू झाला तेव्हा आम्ही तिघं श्वास रोखून बसलो होतो. टाचणी डावीकडून आला. मध्यरेषा ओलांडली. हुलकावणी. हात रिकामा. ताईने विणकाम तोंडावर धरलं. मी काहीतरी चष्म्याबद्दल बोलायला लागलो, तर दाजींनी हात वर करून मला गप्प केलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. पाच मिनिटांनी तसंच पुन्हा झालं, त्याच जागी. निवेदक क्षणभर गप्प होता आणि मैदानावरचा आवाज स्वच्छ ऐकू आला. ठण, ठण, ठण, आणि मग थप.

दाजींचा चेहरा उतरला. त्यांनी कुबड्या घेतल्या, उठून टीव्हीपाशी गेले आणि पडद्यावर बोट ठेवून लाकडाचे जोड मोजायला लागले. ताई म्हणाली, बाजूला व्हा, दिसत नाही. ते बाजूला झाले नाहीत. मध्यरेषेपासून मोजलं, मग बाजूच्या रेषेपासून. मग परत येऊन पलंगावर बसले आणि उरलेला सामना त्यांनी पाहिलाच नाही. आपण अकरा गुणांनी हरलो.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधी दाजींनी मला वर बोलावून घेतलं. ताई कामावर गेली होती. त्यांनी मला दार लावायला सांगितलं आणि जे सांगितलं ते असं.

नऊ वर्षांपूर्वी गोदामाचं छत गळलं आणि पाणी एका थप्पीवर पडत राहिलं. बाकी फळ्या वाळल्या. एकशे एकाहत्तर नंबरची फळी मात्र खालून फुगली आणि वाळताना आतून कुठेतरी सुटली. वरून बघितलं तर गुळगुळीत, शहाण्यासारखी. चेंडू टाकला तर उसळी अर्धी. दाजी तिला बहिरी फळी म्हणायचे, कारण काहीही सांगा, ती प्रतिसाद देत नाही. त्यांनी व्यवस्थापनाकडे नवी फळी मागितली. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर आलं. पुढच्या वर्षीही तेच उत्तर आलं. मग त्यांनी मागणं सोडलं आणि स्वतःच मार्ग काढला. नऊ नंबरची फळी मैदानाच्या अगदी कोपऱ्यात, रेषेच्या बाहेर, फोटोग्राफर बसतात तिथे पडते. दोन्ही फळ्या कोऱ्या, एकीवरही रंगाची रेघ नाही. दाजींनी दोघींच्या जागा बदलल्या. मैदान घालताना ते मधोमध उभे राहून नंबर पुकारत, तोंडपाठ, नकाशा न बघता, आणि टोळी ती ती फळी आणून टाके. एकशे सत्तर झालं की दाजी पुकारत, नऊ.

मी विचारलं, मग हे नकाशावर का नाही लिहिलं?  दाजी म्हणाले, दरवर्षी मोसमाच्या सुरुवातीला बास्केटबॉल संघटनेचा तपासनीस येतो, नकाशा बघतो आणि शेरा देतो. सव्वीस वर्षांत दाजींच्या मैदानावर एकच शेरा होता, निर्दोष. नकाशावर खाडाखोड दिसली असती तर त्याने विचारलं असतं. "माझ्या मैदानावर डाग नको होता," दाजी म्हणाले. पुढे ते नंबर इतके अंगवळणी पडले की एकशे सत्तरनंतर नऊच येतं असं त्यांच्या जिभेला वाटायला लागलं. नंबरवालीला सगळं समजावलं, त्यात हे सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ते सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

मी म्हटलं, मग फोन करा की तिला. ते म्हणाले, करतो, पण तुझ्या बहिणीला काय सांगू? संघटनेच्या तपासनिसाला ते एकवेळ सामोरे गेले असते, ताईला जायची त्यांची हिंमत होत नव्हती. तीन आठवडे ती टाचणीसाठी घास गिळत नव्हती, आणि टाचणीला ज्याने पाडलं तो तिच्याच पलंगावर तिच्याच हातचा चहा पीत बसला होता.

नंबरवालीला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. पहिल्याच महिन्यात. एकशे सत्तरनंतर नऊ कसं म्हणून. तुम्ही म्हणालात, मी म्हणतो म्हणून." दाजींना ते आठवलं. ती पुढे म्हणाली की तुम्ही गेल्यावर मी ते नकाशाप्रमाणे सरळ केलं, आणि मला वाटलं एक जुनी चूक सुधारली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण दुखावलेली होती. शुक्रवारी सकाळी मैदान अंथरू तेव्हा फळ्या बदलते, म्हणाली, पण नकाशावर लिहिल्याशिवाय बदलणार नाही. दाजी म्हणाले, "लिही. खाली माझं नावही लिही."

संध्याकाळी ताई आली तेव्हा दाजींनी तिला बसायला सांगितलं. तिने पर्स खांद्यावरून न काढताच सगळं ऐकलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार, म्हणून मी दाराच्या बाजूची खुर्ची धरली होती. पण तिने एवढंच विचारलं, "त्याला सांगितलंत?" दाजी म्हणाले, शुक्रवारी फळी बदलली की झालंच, सांगायचं कशाला. ताई त्यांच्याकडे बघत राहिली आणि आत निघून गेली. त्या रात्रीपासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागली, आणि ताईचं कामापुरतं बोलणं काय असतं ते दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्यांना विचारा.

शुक्रवारी दुपारी नंबरवालीचा फोन आला. फळ्या बदलल्या, नकाशावर लिहिलं. मग सराव बघत मुद्दाम थांबले, म्हणाली. टाचणी त्या जागी जातच नाही. मध्यरेषेपाशी आला की त्याचे पाय आपोआप वळतात, तो बाजूच्या रेषेला चिकटून जातो आणि तिथे दोघं मिळून त्याला कोंडतात. जमीन आता चांगली आहे, पण ते त्याला कुठे माहीत आहे?

दाजींनी फोन ठेवला. थोडा वेळ नव्या गुडघ्यावरून हात फिरवत बसले. मग मला म्हणाले, उद्या सकाळी दुकान उशिरा उघड. फोनवर सांगा की, मी म्हटलं. ते म्हणाले, असलं फोनवर सांगायचं नसतं.

शनिवारी सकाळी मी त्यांना गाडीत घालून क्रीडागृहात नेलं. ताईही न सांगता गाडीत येऊन बसली. मैदानावर सामन्याआधीचा हलका सराव चालला होता. मैदानाच्या काठाशी आल्यावर दाजी थांबले. बुटांनी त्या लाकडावर पाय ठेवणाऱ्या माणसाला त्यांनी सव्वीस वर्षं हाकललं होतं. त्यांनी काठावरच्या बाकावर बसून बूट काढले. मग कुबड्यांच्या खालच्या टोकांकडे बघितलं आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी समजलो नाही. "मोजे दे तुझे," ते म्हणाले. माझे मोजे कुबड्यांना चढवून आमची वरात मैदानात शिरली. खेळाडू खेळायचे थांबून बघायला लागले. मी अनवाणी, ताई हातात तिघांचे बूट घेऊन मागे.

टाचणी एका कडेला एकटाच चेंडू टाकत होता. जवळून तो टीव्हीपेक्षाही लहान दिसत होता, डोळ्यांखाली काळं आलेलं. दाजींनी आधी ओळख करून दिली, मी हे मैदान घालतो. मग सगळं एका दमात सांगितलं. छत, पाणी, जागा बदललेल्या दोन फळ्या, न लिहिलेला नकाशा. कुठेही स्वतःला सोडवून घेतलं नाही. शेवटी म्हणाले, "तुझ्या हातून चेंडू सुटत नव्हता. ती फळीची चूक होती. म्हणजे माझी. मला माफ कर."

 टाचणी हातातला चेंडू घेऊन मध्यरेषेपलीकडे त्या जागी गेला आणि अगदी हळूच टाकला, तापलेल्या तव्याला बोट लावून बघावं तसा. ठण. पुन्हा टाकला. ठण. मग त्याने विचारलं, ती कुठे आहे? तिथेच उभ्या असलेल्या नंबरवालीने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तो तिथे गेला, टाकला, आणि थप आवाज आला. त्याने पाच-सहा वेळा तरी टाकला असेल. चेंडू दरवेळी घोट्याशी येऊन मरत होता आणि हा वाकून बघत होता. मग तो त्या फळीवरच बसला.

"मला वाटलं माझे हात गेले," तो म्हणाला. "तीन आठवडे घरी गेलो की मी लेकीला उचलून घेतलं नाही. वाटायचं, हातातून सुटेल."

 दाजींना खाली बसता येत नव्हतं, म्हणून ते कुबड्यांवर तसेच वाकून उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ताई माझ्याकडे पाठ करून बुटांच्या नाड्या सोडवत होती, ज्या मुळात बांधलेल्याच नव्हत्या. मला त्या क्षणी दाजींचा अभिमान वाटला, आणि त्यांना तो कधीच सांगता येणार नाही म्हणून इथे लिहून टाकतो. परत जाताना ताईने त्यांचे बूट स्वतः त्यांच्या पायात घातले. घरी पोहोचेपर्यंत ती पूर्वीसारखी बोलायलाही लागली होती, म्हणजे मला गाडी कशी चालवायची ते सांगत होती.

प्रशिक्षकाने सगळी हकीकत ऐकून एवढंच म्हटलं की आज बघू. म्हणजे टांगती तलवार होतीच. चूक कुणाची का असेना, तीन आठवड्यांची भीती एका सकाळी अंगातून जात नाही, हे तोही जाणून होता.

संध्याकाळी नंबरवालीने आम्हाला सातव्या ओळीत तीन जागा दिल्या. दाजी पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसले होते. त्यांना पाय पुढे पसरायला जागा हवी म्हणून कडेची खुर्ची दिली होती, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्या पायाला अडखळत होता. पहिल्या अर्ध्यात ते जमिनीकडेच बघत होते. ताईने त्यांना दोनदा ढोसलं, अहो, वर बघा. अर्ध्या वेळेला आपण तीन गुणांनी मागे होतो.

दुसरा अर्धा सुरू झाला. टाचणीकडे चेंडू आला. डावीकडून निघाला, मध्यरेषेपाशी पोहोचला आणि क्षणभर त्याचे पाय बाजूला वळल्यासारखे झाले. दाजींनी माझ्या मनगटाला असं धरलं की बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही दिसत होते. टाचणीने बाजूच्या रेषेकडे बघितलं. मग चेंडू डाव्या हातात घेतला, खाली वाकला आणि नऊ नंबरच्या फळीवर तो असा आपटला की सातव्या ओळीपर्यंत आवाज आला. चेंडू उजव्या हातात आला. समोरचा राक्षस एकीकडे गेला, हा दुसरीकडून निघाला, आणि बास्केटखाली मोकळ्या उभ्या असलेल्या कप्तानाच्या हातात चेंडू पडला. ताई ओरडली. तिच्या पुढच्या ओळीतल्या माणसाची टोपी पडली, ती तिने त्याला उलटीच घातली.  दाजींनी माझं मनगट सोडलं, एवढंच.

निकाल सांगून टाकतो. आपण चार गुणांनी जिंकलो. सोमवारी तो सहा फूट चारवाला आला आणि सध्या बाकावर बसतो, दाजींच्या मते उगाचच. टाचणीला मोसम संपेपर्यंत ठेवलं आहे. मोसम अजून तिसरा हिस्सा बाकी आहे आणि आपण सातवे आहोत, पहिले आठ पुढे जातात, त्यामुळे आमच्याकडे विणकाम जोरात चालू आहे. दाजींनी कळवल्यावर तपासनीस मुद्दाम आला, त्याने नकाशा बघितला आणि सव्वीस वर्षांच्या निर्दोषखाली एक ओळ लिहिली, ज्यात दाजींचं नाव आहे. त्याच ओळीच्या जोरावर नव्या फळीला मंजुरीही मिळाली. दाजींनी ती ओळ घरी येऊन आम्हाला वाचून दाखवली. आवाज थोडा पडला होता, पण पूर्ण वाचली.

पण त्या सामन्यातली एक गोष्ट मला अजून सांगायची आहे. शेवटची चार मिनिटं राहिली असतील. आपण दोन गुणांनी पुढे होतो. टाचणी या वेळी उजव्या बाजूने येत होता, अंगात वारं शिरल्यासारखा, आणि त्याला ऐटीत काहीतरी करून दाखवायचं होतं. चेंडू पाठीमागून घ्यायला गेला, तो त्याच्याच बुटाला लागला आणि उडून थेट प्रेक्षकांत. सगळं क्रीडागृह हळहळलं. दाजी ताडकन उठायला गेले, गुडघ्याने त्यांना परत बसवलं. त्यांची नजर त्या जागेवर खिळली होती आणि ओठ हलत होते. मला माहीत होतं ते काय करत आहेत, मध्यरेषेपासून मोजत आहेत.

टाचणी मैदानात उभा राहून आमच्या ओळीकडे बघत होता. त्याने दाजींना शोधून काढलं. मग खाली लाकडाकडे बोट दाखवून नाही अशी मान हलवली, आणि हात स्वतःच्या छातीवर ठेवला. आणि हसला. तीन आठवड्यांत तो पहिल्यांदा हसत होता.

ताईने विचारलं, काय म्हणतोय तो?

"ही त्याची म्हणतोय," दाजी म्हणाले, आणि माझा रुमाल मागितला.